डीएफ म्हणते भरली, डीयू म्हणते नाही

लिनक्समध्ये डीएफ ही कमांड पार्टिशनची भरलेली जागा सांगते आणि डीयू फाइल्सच्या जागेची बेरीज. माझे ४० जीबीचे पार्टिशन डीएफमध्ये १०० टक्के भरलेले, पण डीयूची बेरीज जेमतेम २२ जीबी. उरलेल्या १८ जीबींचा माग मी /प्रॉक या चालू प्रोसेसेसची माहिती देणाऱ्या डिरेक्टरीतून काढला.

/प्रॉक डिस्कवर नसतेच. तिथल्या बहुतेक फाइल्स एलएसला (यादी दाखवणारी कमांड) शून्य बाइटच्या दिसतात. वाचायला घेतल्या की त्या क्षणी कर्नल (लिनक्सचा गाभा) मजकूर तयार करून देतो. प्रत्येक चालू प्रोसेसची पीआयडीच्या (प्रोसेसच्या क्रमांकाच्या) नावाने एक डिरेक्टरी असते आणि तिच्यातल्या एफडीमध्ये उघड्या फाइल्सच्या क्रमांकवार लिंक्स. फाइल काढून टाकणारी आरएम कमांड फक्त नाव पुसते. एखाद्या प्रोसेसने फाइल उघडी धरली असेल तर आयनोड (फाइलची नोंद) आणि ब्लॉक्स (तिची डिस्कवरची जागा) तसेच राहतात. डीयू नावे धरून मोजते, म्हणून तिला ते दिसत नाहीत. डीएफ थेट फाइलसिस्टमचा हिशेब सांगते.

रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन 'एलएस -एल /प्रॉक/*/एफडी' चालवले आणि शब्द शोधणाऱ्या ग्रेपने 'डिलीटेड' असलेल्या ओळी वेगळ्या काढल्या; पुसलेल्या फाइलच्या लिंकपुढे तो शब्द दिसतो. रूट नसाल तर दुसऱ्यांच्या प्रोसेसेसचे एफडी वाचता येत नाही. मध्येच 'अशी फाइल नाही' अशा तक्रारी येतात; यादी होईपर्यंत काही प्रोसेसेस संपलेल्या असतात, इतकेच. 'मेमएफडी'च्या ओळी सोडून द्या, त्या मेमरीतल्या फाइल्स आहेत. लिंकपुढे दिसणारा ६४ हा आकडाही फाइलचा आकार नव्हे. खरा आकार 'स्टॅट -एल'ने मिळाला (एल कॅपिटल): पीआयडी ४१७२, डिस्क्रिप्टर (एफडीमधला क्रमांक) ४, १८ जीबी.

प्रोसेस कोणती? पीआयडीच्या डिरेक्टरीतल्या कॉम फाइलमध्ये नाव १५ अक्षरांवर कापले जाते, म्हणून पूर्ण कमांड असलेली सीएमडीलाइन फाइल वाचली. तिथे शब्दांमध्ये स्पेसऐवजी नल बाइट असतो. टीआर कमांडने तो स्पेसमध्ये बदलला की ओळ वाचता येते. निघाली लॉग लिहिणारी सर्व्हिस.

रीस्टार्ट हा सरळ उपाय, पण त्याने लॉगही कायमचा गेला असता. आधी '/प्रॉक/४१७२/एफडी/४' सीपी या कॉपीच्या कमांडने दुसऱ्या डिस्कवर उतरवली. नाव पुसलेले असले तरी या वाटेने पूर्ण मजकूर मिळतो. मग त्या डिस्क्रिप्टरची माहिती देणारी एफडीइन्फो/४ पाहिली. तिथले फ्लॅग्ज (फाइल कशी उघडली आहे ते) ऑक्टलमध्ये, म्हणजे आठच्या पायावर असतात: ०१०२००१. यातला २००० म्हणजे अपेंड, नेहमी फाइलच्या शेवटी लिहिणे. तो नसता तर फाइल रिकामी केल्यावरही प्रोसेस जुन्याच पोझिशनपासून लिहीत राहिली असती. जागा सुटते, पण सुरुवातीला शून्यांचे भोक असलेली १८ जीबीची फाइल दिसू लागते. अपेंड आहे हे पाहून त्याच मार्गावर फाइल रिकामी करणारे 'ट्रंकेट -एस ०' दिले आणि डीएफ लगेच उतरली. कॉपी आणि ट्रंकेट यांच्या मधल्या काही ओळी जातात, ते मान्य करूनच हे करावे. फाइल डेटाबेसची असेल तर मात्र ट्रंकेटचा विचारही नको.

एफडीमध्ये काहीच सापडले नाही तर पीआयडीच्या डिरेक्टरीतल्या मॅप्स फाइलमध्येही 'डिलीटेड' शोधा. मेमरीत मॅप केलेली फाइल डिस्क्रिप्टर बंद केल्यावरही जागा अडवते.

मूळ दोष लॉग रोटेशनमध्ये (जुना लॉग बाजूला करून नवा सुरू करण्यात) होता: जुनी फाइल पुसली जात होती, पण नवी उघडायला सांगणारा सिग्नल सर्व्हिसला जातच नव्हता. रोटेशननंतर चालणाऱ्या पोस्टरोटेट भागात तो घातला. कॉपीट्रंकेट (कॉपी करून मूळ फाइल रिकामी करणे) हा पर्यायही होता, पण त्यातही मधल्या ओळी गळतात.