झेवोल्डे: समुद्राच्या तळावर वसलेल्या गावापर्यंतचा प्रवास

माझी मुलगी आणि जावई नेदरलँड्समधील आमर्सफोर्ट या शहरात राहतात. त्यांच्याकडे उन्हाळ्यात जाण्याचे ठरले, तेव्हा पाहण्याच्या ठिकाणांच्या यादीत मी झेवोल्डे हे नाव लिहिले, आणि जावयांनी अत्यंत अदबीने सुचवले की, "आई, तिथं बघण्यासारखं तसं काही नाही, तळं आहे आणि शांतता आहे." मला नेमके तेच पाहायचे होते. भूगोलाची शिक्षिका म्हणून अनेक वर्षे मी डच लोकांनी समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीचा नकाशा फळ्यावर काढला होता. शिवाय माझे माहेर अलिबाग आणि पेण यांच्यामधल्या खारेपाटात असल्यामुळे, बांध घालून खाडीकडून घेतलेल्या शेतात भात कसा पिकतो आणि उधाणाच्या भरतीत त्या बांधाला खांड पडली की काय होते, हे मला पुस्तकाआधीच ठाऊक होते.

व्हिसाचे काम कंटाळवाणे असले तरी अवघड नव्हते. मुलीने हमीपत्राचा ठरावीक नमुना भरून त्यावरची सही तिच्या नगरपालिकेकडून प्रमाणित करून घेतली आणि मूळ प्रत मला पाठवली. किमान ३० हजार युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे आणि बँकेचा तपशील मी जोडला. मी परत येणार आहे हे पटावे म्हणून शेताचा सातबारा उतारा इंग्रजी भाषांतरासह दिला. समुद्राकडून मिळवलेल्या जमिनीचा पुरावा जोडून समुद्राकडून मिळवलेली जमीन पाहण्याची परवानगी मागणारा अर्ज त्या खिडकीवर क्वचितच येत असेल, असे मला त्या वेळी वाटून गेले.

झेवोल्डेला रेल्वे स्थानक नाही, आणि माझ्या मते ही त्या गावाची सर्वांत चांगली गोष्ट आहे, कारण त्यामुळे तिथे पोहोचण्याची रीतच आपल्याला भूगोल शिकवते. बसने जाता येते. पण मी मुलीसह आमर्सफोर्टहून झ्वोलेच्या दिशेने जाणाऱ्या गाडीने हार्डरवाइक येथे उतरून पुढे सायकलने जायचे ठरवले. तिथल्या रेल्वे आणि बसमध्ये आता वेगळे कार्ड काढावे लागत नाही. स्पर्शाविना चालणारे बँकेचे कार्ड चढताना आणि उतरताना यंत्राला लावले की भाड्याची रक्कम आपोआप कापली जाते. उतरताना कार्ड लावण्याचे विसरू नये, एवढी एकच सूचना मुलीने मला पुनःपुन्हा दिली. हार्डरवाइकमध्ये भाड्याने घेतलेल्या सायकलला बॅटरीचे साहाय्य होते. तिथल्या अनेक सायकलींना पायडल उलट फिरवून ब्रेक लावावा लागतो, हे ऐकल्यामुळे मी दुकानदाराकडे हाताच्या ब्रेकचीच सायकल मागितली. साठी उलटलेल्या कोणाही वाचकाने तेवढे करावे.

हार्डरवाइक हे जुने व्यापारी बंदर आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७३५ मध्ये येथील विद्यापीठातून पदवी घेतली. त्या काळी, आणि पुढे जवळजवळ दोनशे वर्षे, या गावासमोर झाउडरझे नावाचा खारा समुद्र होता आणि गावातील मच्छीमार त्यावर जगत. १९१६ च्या जानेवारीत वादळाने त्या समुद्राच्या काठचे बांध फोडले, आणि पहिल्या महायुद्धातील अन्नटंचाईने शेतजमिनीची निकड वाढवली. त्यानंतर १९१८ मध्ये झाउडरझे बंद करण्याचा कायदा झाला. ज्यांच्या आराखड्यावर हे काम उभे राहिले, ते अभियंता कोर्नेलिस लेली त्या वेळी मंत्री होते आणि त्यांची योजना १८९१ पासून तयार होती. १९३२ मध्ये ३२ किलोमीटर लांबीचा आफस्लाउटडाइक हा बांध पूर्ण झाला, आतले पाणी नद्यांमुळे हळूहळू गोडे झाले आणि हार्डरवाइकचा समुद्र नाहीसा झाला. समुद्रकाठचे गाव तळ्याकाठी आले, तेही जागेवरून न हलता. काठावर धुरी दिलेली वाम मासळी अजून विकायला असते. ती चवीला आपल्या सुकटीच्या फार पुढे आहे, असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही.

गावाबाहेर पडल्यावर जुनी भूमी संपते आणि नवी सुरू होते, त्या ठिकाणी एक चमत्कारिक रचना आहे. रस्ता पाण्यावरून पुलाने जाण्याऐवजी पाण्याखालून जातो आणि तळे त्याच्या डोक्यावरून २५ मीटर लांबीच्या काँक्रीटच्या पन्हाळीतून पलीकडे जाते. २००२ मध्ये खुला झालेला हा जलसेतू फार खोल नाही. पाणी सुमारे तीन मीटर असते, कारण या तळ्यांतून शिडाच्या आणि उथळ तळाच्या नौकाच जातात. खालून मोटारी आणि वरून शीड उभारलेली नौका एकाच वेळी जाताना पाहायला आम्ही बराच वेळ थांबलो.

पलीकडे पोहोचताच आपण फ्लेवोलँडवर येतो. हे मानवाने तयार केलेले जगातील सर्वांत मोठे बेट मानले जाते आणि ते दोन टप्प्यांत कोरडे केले गेले: पूर्वेकडील भाग १९५७ मध्ये आणि दक्षिणेकडील भाग १९६८ मध्ये. आता ही जमीन बेट का आहे, जुन्या किनाऱ्याला ती सरळ का जोडली नाही, हा प्रश्न मला वर्गात कधी सुचला नव्हता. उत्तर आधीच्या अनुभवात आहे. १९४२ मध्ये कोरडा झालेला नोर्डओस्टपोल्डर (पोल्डर म्हणजे बांध घालून आणि पाणी उपसून मिळवलेली जमीन) जुन्या भूमीला चिकटून केलेला होता. नवी जमीन पाच-सहा फूट नव्हे, तर कित्येक मीटर खाली असल्यामुळे शेजारच्या जुन्या गावांतले भूजल तिकडे झिरपू लागले आणि तिथल्या शेतजमिनी कोरड्या पडल्या. म्हणून पुढच्या वेळी दोन्हींच्या मध्ये पाण्याचा पट्टा मुद्दाम राखला. झेवोल्डेसमोरचे वोल्डरवाइड हे तळे त्याच पट्ट्यातले एक. माहितीपत्रकात ते नौकाविहाराचे ठिकाण म्हणून दाखवतात. पण ते मुळात शेजारच्या विहिरी आटू नयेत म्हणून ठेवलेले पाणी आहे, आणि हे कळल्यावर मला ते अधिक सुंदर वाटले.

जलसेतूपासून जवळच लोविंक हे पंपगृह आहे. खारेपाट आणि फ्लेवोलँड यांतला खरा फरक मला तिथे उमगला. आमच्याकडे बांधाला उघाडी असते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तिची झडप मिटते आणि ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी ती ढकलून खाडीत जाते. शेत भरती आणि ओहोटी यांच्या मधल्या पातळीवर असल्यामुळे समुद्रच दिवसातून दोनदा आपले काम करून देतो. फ्लेवोलँडला ही सवलत नाही. तिथल्या वरच्या मुख्य कालव्यातले पाणी आमस्टरडॅमच्या प्रमाणित समुद्रपातळीपेक्षा ५.२० मीटर खाली ठेवतात आणि खालच्या कालव्यातले ६.२० मीटर खाली. वोल्डरवाइडचे पाणी मात्र त्या समुद्रपातळीच्याच जवळपास असते. म्हणजे पावसाचा आणि झिरपणीचा प्रत्येक थेंब पाच-सहा मीटर उचलून बाहेर टाकावा लागतो, आणि तो उचलणे कधीही थांबवता येत नाही.

या पंपगृहाने तळ्यांचीही सेवा केली आहे. १९७० च्या दशकात सांडपाण्यातील फॉस्फरसामुळे येथली तळी निळसर-हिरव्या शेवाळाने गढूळ झाली होती. तेव्हा हार्डरवाइकच्या सांडपाण्यातून फॉस्फरस काढण्यास सुरुवात झाली आणि १९७९ पासून पोल्डरमधले स्वच्छ, चुनायुक्त पाणी लोविंकमधून शेजारच्या तळ्यात सोडून ते धुऊन काढले गेले. वोल्डरवाइडमध्ये तर १९९०-९१ च्या हिवाळ्यात, तळ ढवळून पाणी गढूळ करणारी मासळी मोठ्या प्रमाणावर पकडून काढण्यात आली. पाणी लगेच कायमचे स्वच्छ झाले नाही, परंतु पुढील वर्षांत पाणवनस्पतींचे गालिचे परत पसरले. आज काठावरून तळाची वाळू दिसते, आणि सरासरी खोली दीड मीटरच्या आसपास असल्यामुळे काठापासून बऱ्याच अंतरावरही माणसे कमरेएवढ्या पाण्यात उभी दिसतात.

पुढे नैर्ऋत्येकडे बांधाच्या कडेने जाताना क्नारडाइक नावाचा एक बांध उजवीकडे आत वळतो. तो कोणत्याही पाण्याच्या काठी नाही. पूर्व आणि दक्षिण फ्लेवोलँडच्या मधोमध तो उभारला गेला, जेणेकरून एका बाजूचा बाहेरचा बांध फुटला तरी दुसरी बाजू वाचावी. समोरून वारा इतका जोरात होता की बॅटरी नसती तर मी तिथेच परत फिरले असते. बांधाच्या माथ्यावरून डावीकडे तळे आणि उजवीकडे शेते दिसतात, आणि डोळ्यांना ही गोष्ट पटायला वेळ लागतो की डावीकडच्या पाण्यापेक्षा उजवीकडची घरांची दारे खाली आहेत. वाट चुकण्याची भीती नसते. प्रत्येक चौकात हिरवे क्रमांक लावलेले असतात, आणि निघण्यापूर्वी ते क्रमाने कागदावर लिहून घेतले की नकाशा लागत नाही.

शेतांच्या कडेला नांगरटीत छोटे शिंपले वर आलेले मला दिसले. पाणी उपसल्यावर येथे फक्त चिखल होता. त्यावर विमानातून बोरूचे, म्हणजे पाणथळीतल्या उंच गवताचे, बी पेरले, कारण बोरूची मुळे चिखल सुकवतात आणि इतर तण येऊ देत नाहीत. मग बोरू काढून सरकारने स्वतः मोहरीवर्गीय पीक घेतले, आणि जमीन पिकाला लागल्यावरच ती शेतकऱ्यांना दिली. समुद्राच्या तळाशी बुडालेल्या शेकडो जहाजांचे अवशेष या पोल्डरांत सापडले.

झेवोल्डेमध्ये पहिले रहिवासी १९८४ मध्ये आले, म्हणजे हे गाव माझ्या नोकरीपेक्षा लहान आहे. ठेंगणी विटांची घरे, नौकाबंदर, तळ्याकाठी वाळूची चौपाटी, आणि पाठीमागे होर्स्टरवोल्ड हे लावलेले पानझडी अरण्य, ज्याची गणना पश्चिम युरोपातील मोठ्या पानझडी जंगलांत होते. गावात जुने असे काहीही नाही, आणि जुने दाखवण्याचा प्रयत्नही नाही, हे मला आवडले. येथील एका उद्यानात शिल्पकार रिचर्ड सेरा यांनी १९९६ मध्ये उभारलेल्या प्रत्येकी २०० मीटर लांबीच्या दोन काँक्रीटच्या भिंती आहेत. शिल्पाचे नाव 'सी लेव्हल'. भिंतीची वरची कड सरळ राहते आणि जमीन तिच्या पायाशी उतरत जाते, चालता चालता भिंत डोक्यावर गेली, तेव्हा मुलगी काही क्षण बोलली नाही आणि मग म्हणाली, "म्हणजे आपण इतके खाली आहोत?"

शांतता म्हणजे गावाला मत नाही असे मात्र नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये नगरपरिषदेने गावाबाहेरच्या शेतजमिनीवर मेटा कंपनीच्या प्रचंड डेटा सेंटरला मंजुरी दिली होती. मार्च २०२२ च्या स्थानिक निवडणुकीत त्या प्रकल्पाला विरोध करणाऱ्या स्थानिक पक्षाला मोठे यश मिळाले आणि त्याच वर्षी कंपनीने तो बेत सोडून दिला. त्याच परिसरातील ८३ पवनचक्क्यांचा प्रकल्प मात्र तेथील शेतकरी आणि रहिवासी यांच्याच मालकीचा आहे. वीज दोन्हींच्या केंद्रस्थानी होती. मालकी कोणाची, या मुद्द्यावर गाव वेगळे वागले.

परतताना वारा पाठीशी होता आणि हार्डरवाइकचे जुने मनोरे अपेक्षेपेक्षा लवकर दिसू लागले. गाडीत मी मुलीला विचारले की हे पंप चालवण्याचा खर्च कोण देते. आमच्या खारेपाटात पूर्वी खांड पडली की घरटी माणूस बांधावर जात असे. तिथे ही जबाबदारी जलमंडळांकडे आहे. घरी आल्यावर तिने स्वतःच्या जलमंडळाचे देयक काढून दाखवले. ती आमर्सफोर्टमध्ये राहत असल्यामुळे तिचे मंडळ वेगळे आहे, पण रीत तीच. प्रत्येक घराला हा कर द्यावा लागतो, आणि मंडळाचे सदस्य दर चार वर्षांनी मतदानाने निवडले जातात. डच नागरिकत्व नसलेल्या कायदेशीर रहिवाशांनाही त्यात मत देता येते, हे तिला माहीत होते. पुढची निवडणूक मार्च २०२७ मध्ये आहे, आणि त्या वेळी कोणत्या यादीला मत द्यायचे यावर रात्री जेवताना ती आणि जावई वाद घालत बसले.