आमची वाटचाल: मारुती चौकातलं दुकान आणि बाईंची डीबी

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. सांगलीच्या मारुती चौकातलं आमचं इलेक्ट्रिकचं दुकान माळ्यापर्यंत पाण्यात. वायरची बंडलं, एमसीबीची (जादा करंट आला की आपोआप पडणाऱ्या खटक्यांची) खोकी, सगळं गाळात गेलं, आणि माल उधारीचा. वाचला फक्त दांडी फिरवायचा ५०० व्होल्टचा मेगर, वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र. सुरुवातीला माझ्याबरोबर धंद्यात उतरलेल्या भागीदाराचा तो. मी तो डोक्यावर धरून बाहेर काढला.

पूर ओसरल्यावर आम्ही घरोघरी एकच सांगत होतो. बुडालेला एमसीबी, किंवा करंट गळला की वीज तोडणारा आरसीसीबी, वाळवून चालत नाही. आत गाळ बसतो, गंज धरतो. खटका वर राहतो, पण वेळेला पडत नाही. शेजारच्या गल्लीतल्या एका ठेकेदाराने मात्र ड्रायर मारून तेच एमसीबी परत बसवले, आमच्या निम्म्या पैशात. वर लोकांना सांगितलं, "ही माणसं पुरात धंदा करतात." ते शब्द मला आजही लागतात. चाळीस फ्लॅटची सोसायटी त्याच्याकडे गेली, ती अजून तिकडेच आहे. दिवाळीला कामावरच्या दोन पोरांचा पगार द्यायला पैसे नव्हते. दोघांनीही तोंडातून शब्द काढला नाही.

तेव्हा गावभागातल्या बाईंनी बोलावलं. मला चौथीला शिकवायच्या. घरात लाकडी बोर्ड, किटकॅट फ्यूज, दोन ठिकाणी फ्यूजच्या तारेऐवजी जाड तार गुंडाळलेली. सुनेने एसी आणि गिझर घेतलेला. दोन्ही एकदम लावले की जळका वास यायचा. करंट मोजायच्या टाँग टेस्टरवर १८ अँपिअर, आणि वायर दीड एमएमची, तेवढ्या भाराला बारीक. मेगरचा काटा एक मेगओहमच्याही खाली, म्हणजे इन्सुलेशन गेलेलं.

"खर्च नंतर सांग," बाई म्हणाल्या. "आधी काय करायचं ते सांग."

नवी डीबी (सगळे खटके एकत्र बसवायची पेटी), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, गिझर-एसीला वेगवेगळी चार एमएमची वायर, नवीन अर्थिंग. डीबी पुराच्या खुणेच्या दोन हात वर बसवली. बाईंच्या शब्दावर त्या गल्लीतली सहा घरं आली. दुकान पुन्हा उभं राहिलं ते तिथून.

एक सांगतो, राग मानू नका. एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ अँपिअरचा काढून ३२ चा बसवणाऱ्याला घरात घेऊ नका. एमसीबी वायर वाचवायला असतो. वायर तीच ठेवून आकडा वाढवला की आधी वायर जळते. झाकण गरम लागलं, आतून गुणगुण आली, मोटार सुरू होताना दिवे मंद झाले, तर वाट बघत बसू नका, तपासून घ्या. बिलावरचा मंजूर भार वाचा. घरात लावलेलं त्याहून जास्त असेल तर महावितरणकडे भार वाढवून घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा.

२०२१ च्या जुलैत पाणी परत आलं. बाईंच्या भिंतीवर ते जुन्या खुणेच्या खालीच राहिलं. डीबी कोरडी होती.