मलावीला जाण्याआधी मिरज

येत्या ऑगस्टमध्ये मी वर्षभरासाठी आफ्रिकेतल्या मलावीला निघाले आहे. राजधानी लिलाँग्वेजवळच्या एका वस्तीत नवी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, उभी राहते आहे, तिथं स्वयंसेवक म्हणून. "त्याआधी मिरजेला जाऊन ये," असं आजी कधीपासून मागं लागली होती. तिचं नर्सिंग मिरजेच्या मिशन दवाखान्यात झालेलं. शेवटी शुक्रवारी दुपारी साताऱ्याहून कोयना एक्स्प्रेस पकडली.

साताऱ्याहून जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: रेल्वे स्टेशन गावात नाही, माहुलीकडं आहे. रिक्षासाठी हाताशी वेळ ठेवा आणि गाडीची वेळ आदल्या दिवशी बघून घ्या. कोयनेनं मिरजेत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, त्यामुळं मुक्कामाची सोय आधीच करा. मी आजीच्या मैत्रिणीकडं उतरले.

शनिवारी आधी सांगली गाठली. मिरज-सांगली सतत बस असतात. आजीचा तो दवाखाना काढणारे मिशनरी डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये कॅनडाहून आले ते आधी सांगलीतच. तेव्हा त्यांचं वय 24, म्हणजे माझ्याहून एकच वर्षानं मोठे. तिथं त्यांनी छोटा दवाखाना काढला, 1892 मध्ये मिरजेला गेले, 1894 मध्ये मिरजेचं हॉस्पिटल उघडलं आणि 1897 मध्ये वैद्यकीय शाळाही सुरू केली. परतताना मी विश्रामबागला उतरून वानलेसवाडीत गेले. क्षयाच्या रुग्णांसाठी तिथं सॅनेटोरियम होतं, त्यावरूनच वस्तीचं नाव पडलं. आता चारी बाजूंनी घरं झाली आहेत. बघण्यासारखं फार नाही, पण रिक्षावाला "वानलेसवाडी" हा शब्द जितक्या सहज उच्चारतो, तो ऐकण्यासाठी तरी जा. चोवीसाव्या वर्षी आलेल्या परक्या माणसाचं नाव गावानं आपल्या तोंडात बसवून घेतलं आहे.

मिरजेत हॉस्पिटलच्या आवारात माझ्याकडून एक चूक झाली. जुनी इमारत बघून मी मोबाईल वर धरला, तर झाडाखाली बसलेल्या एका आजींनी पटकन पदर तोंडावर ओढला. मी फोटो पुसला, त्यांच्याजवळ जाऊन माफी मागितली. त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त सरकून मला बसायला जागा दिली. तुम्ही जाल तेव्हा मोबाईल पिशवीतच राहू द्या. आत जायचं असेल तर गेटवर विचारा, आणि नाही म्हणाले तर बाहेरूनच बघून या. परदेशातल्या वस्तीत लहान मुलांचे फोटो काढून इंटरनेटवर टाकणाऱ्या आपल्या चर्चच्या तरुण संघातल्या मित्रमैत्रिणींनाही माझं हेच कळकळीचं सांगणं आहे. त्या मुलांना पदर नसतो.

रविवारची उपासना चुकवू नका, वेळ आदल्या दिवशी चर्चच्या पाळकांना विचारून घ्या. पेटी-तबल्यावर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन सुरू झालं आणि मला एकदम साताऱ्याची आठवण आली. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्याला येऊन 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. ख्रिस्ताची भक्ती इथल्या अभंगात, इथल्या मातीत रुजावी, हीच त्यांची तळमळ होती. उपासनेनंतर चहाला एक निवृत्त कंपाउंडर आजोबा भेटले. म्हणाले, "इथं शेवटचा गोरा मिशनरी कधी बघितला ते आठवत नाही, पण उपासना एका रविवारी चुकलेली नाही." मंडळी स्थापन करायला निघालेल्यानं हे ऐकून जायला हवं. आपण गेल्यावर ती तिथल्या लोकांच्या भाषेत, तिथल्याच लोकांच्या हातांनी चालली, तर ती उभी राहिली म्हणायची.

तरुणांनी स्वयंसेवक म्हणून परदेशी जायची जी मोठी लाट अमेरिकेत 1886 मध्ये उठली, तिच्यात पुढं असलेला रॉबर्ट वाइल्डर कोल्हापुरात जन्मला होता. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या माउंट हर्मन इथं 100 विद्यार्थ्यांनी मिशनरी व्हायची तयारी दाखवली. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, पण चोवीस-पंचविसाव्या वर्षीचा उत्साह तेवढाच पुरत नाही. डॉ. वानलेस जवळजवळ चाळीस वर्षं राहिले. मी एक वर्ष जाते आहे, तेव्हा माझं काम शिकण्याचं आणि हाताखाली राबण्याचंच आहे.

पुढं जाणाऱ्यांसाठी तयारीचं थोडं. ओळखीतल्या एकानं मला "टुरिस्ट व्हिसावर जा, कोण विचारतंय" असं सांगितलं होतं. तसं करू नका. ज्या कामासाठी जाता त्याचाच व्हिसा घ्या आणि तिथल्या मंडळीचं निमंत्रणपत्र जवळ ठेवा, नाहीतर अडचण तुमची नाही, तिथल्या पाळकांची होते. मलावीत मलेरिया आहे, गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. इथिओपियामार्गे विमान असेल तर परतताना भारतात यलो फीवरच्या लसीचं प्रमाणपत्र मागू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. आणि भाषा. तिथल्या चिचेवा भाषेत मला अजून "मुली ब्वांजी?", म्हणजे कसे आहात, एवढंच येतं.

आजीला शिकवणारी एक अमेरिकन सिस्टर होती. तिचं मराठी पुस्तकी नव्हतं, रुग्णांकडून आणि आयांकडून उचललेलं. आजी सांगते, तिनं सगळ्यात आधी शिकलेलं वाक्य होतं, "दुखतंय का?" मिरज स्टेशनवर गाडीची वाट बघताना मी तिकडच्या पाळकांना मेसेज केला, याला चिचेवात काय म्हणतात? त्यांनी आवाजातच उत्तर पाठवलं, सावकाश, दोनदा म्हणून. कऱ्हाड येईपर्यंत मी तेच पुन्हा पुन्हा लावून म्हणत होते, आणि समोरच्या बाकावरच्या काकू माझ्याबरोबर म्हणायला लागल्या होत्या.