डिक्सी व्हॅली: जमिनीखालच्या उष्णतेच्या शोधाची जागा पाहताना

मे महिन्यातील एका शनिवारी पहाटे आम्ही दोघे रेनोहून निघालो, ते नेवाडा राज्यातील डिक्सी व्हॅली पाहण्यासाठी. माझे आजोळ दापोली तालुक्यात, उन्हवऱ्याच्या कुंडापासून जवळ असल्याने जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याचे अप्रूप मला लहानपणापासून आहे. शिवाय सरकारी जमिनीवर भूऔष्णिक ऊर्जेचा, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासून मिळणाऱ्या ऊर्जेचा, शोध लवकर घेता यावा म्हणून अमेरिकेत जे नियम अलीकडे बदलले, त्यांचा संबंध ज्या प्रकारच्या जमिनीशी येतो ती एकदा डोळ्यांनी पाहावी, असे मनात होते.

फॅलन हे वाटेवरचे शेवटचे मोठे गाव. पेट्रोलची टाकी तेथेच काठोकाठ भरावी, माणशी किमान चार लिटर पाणी घ्यावे आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा, कारण पुढे रेंजचा भरवसा नाही. हायवे 50 ने पूर्वेला सुमारे 65 किलोमीटर गेल्यावर डावीकडे 121 क्रमांकाचा रस्ता फुटतो. त्याचे डांबर काही अंतरावर संपते आणि खडी सुरू होते. आमच्याकडे स्टेपनी होती, पण जॅकचा दांडा घरीच राहिला होता. मागचे चाक बसले, तेव्हा दुसरी गाडी येईपर्यंत पाऊण तास उन्हात काढावा लागला. पाऊस पडून गेला असेल तर खोऱ्याच्या तळातील क्षारट चिखलात गाडी मुळीच घालू नये. नौदलाची लढाऊ विमाने येथे फार खालून जातात, त्यामुळे लहान मुले बरोबर असल्यास त्यांना आधी सांगून ठेवावे.

डोंगराच्या पायथ्याशी जमीन खचून झालेली एक लांबच लांब पायरी दिसते. ती 16 डिसेंबर 1954 च्या भूकंपाची खूण. येथील उष्णता ज्वालामुखीची नाही. भूकवच ताणले जाऊन पातळ झाले आहे, खोल मुरलेले पाणी तापते आणि अशा भेगांतून वर चढते. पुष्कळ ठिकाणी मात्र ते पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाही. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 2008 मध्ये पश्चिमेकडील राज्यांत सुमारे 9,000 मेगावॉट ज्ञात आणि सुमारे 30,000 मेगावॉट अद्याप न सापडलेली भूऔष्णिक वीजक्षमता असल्याचा अंदाज मांडला होता. वर ना वाफ ना झरा, अशा जागी छिद्र पाडून तापमान मोजल्याखेरीज खात्री होत नाही.

खोऱ्याच्या उत्तर भागात 1988 पासून चालू असलेले वीज केंद्र आहे. फाटकाच्या आत प्रवेश नाही, तरी पहाटेच्या गारव्यात त्याची वाफ रस्त्यावरून छान दिसते. मला अधिक वेळ थांबवले ते सेजच्या झुडपांत उभ्या असलेल्या, गुडघाभर उंचीच्या, टोपण लावलेल्या एका लोखंडी नळीने; तापमान मोजण्यासाठी पाडलेल्या छिद्राचे ते तोंड. भोवती गाडीच्या चाकांच्या जुन्या खुणा, एक गंजलेली तार, बाकी काही नाही. शोधाच्या टप्प्यावर जमिनीची एवढीच मोडतोड होत असेल, तर त्यासाठी वर्षानुवर्षे कागद फिरवण्यात अर्थ नाही, हे तेथे उभे राहिल्यावर पटते. जमीन-वापर आराखड्यापासून वीजवाहिनीपर्यंत एकाच प्रकल्पाचे पर्यावरण परीक्षण सहा वेळांपर्यंत होऊ शकत असे आणि सारे मिळून सात ते दहा वर्षे जात. सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय संस्थेने एप्रिल 2024 मध्ये वनविभाग व नौदल यांच्याकडे आधीपासून असलेल्या परीक्षणातील सवलती स्वीकारल्या आणि जानेवारी 2025 मध्ये, साठा खरोखर आहे का हे पडताळणाऱ्या विहिरींसाठी, 20 एकरांपर्यंतच्या कामाला सविस्तर परीक्षणातून मोकळीक दिली.

पण त्याच खोऱ्यातील डिक्सी मेडोज पाहिल्याशिवाय परतू नये. स्टिलवॉटर डोंगररांगेच्या पायथ्याशी झऱ्यांवर पोसलेले सुमारे 760 एकरांचे हे पाणथळ आहे आणि जगात केवळ येथेच आढळणारा, जेमतेम पाच सेंटिमीटरचा डिक्सी व्हॅली टोड हा भेक त्यात राहतो. नोव्हेंबर 2021 मध्ये येथील वीज प्रकल्पाला मंजुरी मिळाली, डिसेंबरमध्ये फॅलन पायूट-शोशोनी जमात न्यायालयात गेली आणि एप्रिल 2022 मध्ये या भेकाला तातडीचे संरक्षण मिळाले. झरे आटतील ही भीती निराधार नव्हती: याच राज्यातील बेओवावे येथील गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे फवारे, विहिरी आणि वीज केंद्र आल्यानंतर नाहीसे झाले. माझ्या मते घाई छिद्रे पाडण्यात करावी, पाणी उपसण्यात नव्हे. आणि झऱ्यांच्या पाण्याची पातळी व तापमान यांची मोजणी पहिल्या छिद्राच्या आधीच सुरू व्हावी, म्हणजे नंतर वाद मोजणीवरून होणार नाही.

मेडोजजवळ गाडी रस्त्यावरच ठेवावी, ओल्या जमिनीवर पाय ठेवू नये आणि बूट घरूनच धुऊन वाळवून आणावेत, कारण बेडकांना मारणारी बुरशी चिखलाबरोबर पसरते. नौदलाच्या सरावक्षेत्राच्या हद्दी अलीकडे वाढल्या असल्याने ब्युरोच्या कार्सन सिटी कार्यालयातून ताजा नकाशा घेऊनच निघावे. वाटेतील गुरांची फाटके जशी आढळली तशीच ठेवावीत.