तुम्ही विचारलंत म्हणून : जुने लॅपटॉप असताना पैसे कशाला?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या गावांमध्ये आम्ही चालवत असलेल्या संगणक खोल्यांसाठी मदत मागायला मी पुण्यात, बेळगावात किंवा गोव्यात आमच्याकडच्या मंडळींपुढे उभी राहते, तेव्हा बोलणे संपताच कोणीतरी आपुलकीने विचारतेच : "बाई, आमच्या ऑफिसात जुने लॅपटॉप नुसते पडून आहेत. ते घेऊन जा, पैसे कशाला हवेत?" प्रश्न रास्त आहे आणि विचारणाऱ्याचे मन मोठे असते, हेही मला ठाऊक आहे. उभ्या उभ्या दिलेले उत्तर अपुरे राहते, म्हणून ते येथे सविस्तर लिहिते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, त्या वेळी मी मराठी माध्यमाच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. जांबोटीच्या पुढे कणकुंबीच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या वाड्यांमधली माझी जुनी मुले मोबाईलला रेंज मिळावी म्हणून टेकडीवर जाऊन बसत. घरात स्मार्टफोन एकच, तोही वडिलांचा, आणि ते कामावर गेले की फोनही त्यांच्याबरोबर जाई. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय आणि केवळ ४.४ टक्के घरांत संगणक असल्याचे आढळले होते. शहरांत हेच प्रमाण अनुक्रमे ४२ आणि २३.४ टक्के होते. हे आकडे मी आधी वाचले होते, पण त्यांचा अर्थ मला त्या पावसाळ्यात टेकडीवर छत्री धरून बसलेली सातवीतली मुलगी पाहिली तेव्हा कळला.

सुरुवातीला आम्हीही यंत्रेच मागितली. एका कंपनीने चौदा लॅपटॉप दिले. नारळ फुटला, फोटो निघाले, मुलांनी स्वागतगीत म्हटले. दिवाळीपर्यंत त्यांतले पाच चालू राहिले. काहींच्या बॅटऱ्या आधीच संपलेल्या होत्या, त्यामुळे वीज गेली की यंत्र त्या क्षणी बंद पडे, आणि आषाढ-श्रावणात आमच्या त्या पट्ट्यात वीज किती वेळ असते हे तिथे राहणाऱ्यालाच विचारावे. दोन लॅपटॉप जुन्या कार्यालयाच्या पासवर्डने कुलूपबंद होते आणि तो पासवर्ड ठाऊक असलेला माणूस नोकरी सोडून गेला होता. भिंतींना ओल आली, उंदरांनी वायरी कुरतडल्या, आणि ज्यांच्याकडे खोलीची किल्ली होती त्या शिक्षकांची बदली झाल्यावर दोन महिने खोली उघडलीच नाही. देणाऱ्यांनी मनापासून दिले होते. चूक आमची होती, कारण यंत्र आले म्हणजे काम झाले, असे आम्ही समजलो होतो.

अलीकडे जुने लॅपटॉप देऊ करणाऱ्यांची संख्या एकदम वाढली आहे. विंडोज १० ला मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, पुढच्या आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत अशी यंत्रे कार्यालयांतून बाहेर पडू लागली आणि त्यांतली काही आमच्या वाट्याला येतात. ती निरुपयोगी नसतात. त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घातली, जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी वेगवान एसएसडी बसवली, तर ती आणखी काही वर्षे उत्तम चालतात. मात्र या प्रत्येक गोष्टीला सुटा भाग लागतो, कोणाचा तरी अर्धा दिवस लागतो, आणि खानापूरहून बेळगावला दुरुस्तीसाठी नेण्या-आणण्याचा खर्च लागतो. फुकट आलेला लॅपटॉप असा पैसे मागतच दारात येतो.

तरीही खरा खर्च यंत्राचा नाहीच, तो माणसाचा आहे. आमच्या प्रत्येक खोलीत त्याच गावातली एखादी पदवीपर्यंत शिकलेली मुलगी किंवा सून दररोज चार तास बसते. दुपारी बायका येतात, शाळा सुटल्यावर मुले. तिचे मानधन हा आमच्या हिशेबातला सर्वांत मोठा आकडा आहे, आणि देणगीदारांना सर्वांत कमी रुचणाराही तोच आहे. "आमचे पैसे पगारावर जाणार का?" असे मला स्पष्ट विचारले गेले आहे. होय, जाणार, आणि ते तसे का जावेत हे पटवून देण्यासाठी मी त्या खोलीतली एक दुपार सांगते.

एक बाई येते. तिला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये दोन महिने मिळालेले नाहीत. तक्रार कुठे अडली आहे हे पाहायचे, तर आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी जातो, आणि तो मोबाईल असतो गोव्यात, नवऱ्याच्या खिशात. खोलीत बसणारी आमची ताई आधी नवऱ्याला फोन लावते, त्याची जेवणाची सुट्टी होईपर्यंत बाईला बसवून ठेवते, मग त्याने सांगितलेला आकडा मुदत संपण्याच्या आत भरते. त्यानंतर एक शेतकरी जमिनीचा उतारा पाहायला येतो. आमच्याकडे उतारा कन्नडमध्ये असतो आणि वयस्कर मराठी शेतकऱ्याला त्यातले स्वतःचे नावसुद्धा वाचता येत नाही. ताईने शाळेत कन्नड शिकलेले असते, ती ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवते. हे काम कोणताही लॅपटॉप आपण होऊन करणार नाही. सीमाभागातली डिजिटल दरी ही रेंज आणि यंत्र यांच्याइतकीच भाषेचीही आहे, आणि भाषेचा हा भाग बाहेरून मदत करणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

बायकांसाठी दुपार राखून ठेवण्यामागेही कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ग्रामीण स्त्रियांपैकी जेमतेम पाव, म्हणजे २४.६ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले, तर ग्रामीण पुरुषांत हे प्रमाण ४८.७ टक्के होते. खोलीत पुरुष बसलेले असले की बायका दारातूनच परत जातात, हे आम्ही पहिल्याच महिन्यात पाहिले.

मुलांच्या बाबतीत मला अतिशय आनंद देणारी एक गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. आम्ही मुलांना इन्स्क्रिप्ट पद्धतीने टंकलेखन शिकवतो. या कळफलकाची रचना भारतीय लिप्यांसाठी समान आहे, त्यामुळे ज्या कळीवर मराठीत ‘क’ उमटतो तिच्यावरच कन्नड निवडल्यावर कन्नड ‘क’ उमटतो. बोटांना एकदा मराठी सवय झाली की कन्नडची जागा वेगळी शोधावी लागत नाही. दोन भाषांच्या सीमेवर वाढणाऱ्या मुलाला याहून उपयोगी भेट कोणती असेल, असे मला प्रत्येक नव्या तुकडीच्या वेळी वाटते.

आता पैसे कसे मागतो, ते सांगते. आमच्या गावांना वर्गणी नवी नाही. लक्ष्मीची यात्रा असो, सप्ताह असो वा मंदिराचा जीर्णोद्धार, घरटी पट्टी बसते, पावती पुस्तक फिरते, मुंबई-गोव्याला असलेल्यांकडून रक्कम येते आणि शेवटी जमाखर्च सर्वांसमोर वाचला जातो. आम्ही तीच रीत उचलली. बाहेर हात पसरण्यापूर्वी गाव आपला वाटा ठरवते. तो लहान असतो, पण तो आल्याशिवाय आम्ही खोली उघडत नाही. ज्या दोन ठिकाणी आम्ही घाईने ही अट सोडली, तिथली खोली ‘संस्थेची’ राहिली, गावाची झाली नाही, आणि बिघडलेला पंखासुद्धा आमची वाट पाहत राहिला. फळ्यावर प्रत्येक महिन्याची जमा आणि खर्च लिहिला जातो, मानधनाच्या आकड्यासह.

बाहेरच्यांकडे आम्ही एकरकमी मोठ्या देणगीऐवजी दरमहा २०० रुपये वर्षभर मागतो. इंटरनेटचे बिल, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे पाणी आणि ताईचे मानधन या गोष्टी दर महिन्याला येतात, आणि दर महिन्याला येणारा खर्च एकदाच आलेल्या देणगीवर फार काळ चालत नाही. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी मोठा असतो आणि तो मिळाल्यास आम्ही कृतज्ञतेने घेतो. परंतु आमच्या अनुभवात त्यातून वस्तू सहज मिळतात, मानधन क्वचित मिळते, कारण वर्षअखेरीच्या आत खर्च दाखवता यावा अशी त्यांची गरज असते. आयकर सवलतीची पावती हवी असलेल्यांनी २,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोखीने देऊ नये, कारण तेवढ्या रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही. परदेशातल्या नातेवाइकांबद्दलही वारंवार विचारणा होते. भारतीय नागरिकत्व असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. मात्र ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले आहे त्यांचे पैसे २०१० च्या परकीय अनुदान नियमन कायद्याखाली येतात आणि आमच्याकडे ती नोंदणी नाही. माझ्याच एका लाडक्या विद्यार्थ्याला मला या कारणाने नाही म्हणावे लागले. फार जड गेले, पण नियम मोडून आणलेला एक रुपयाही या खोल्यांना बुडवू शकतो.

हे सरकारचे काम नाही का, असेही कोणी विचारते. आहेच. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची, आज भारतनेट या नावाने ओळखली जाणारी योजना २०११ साली मंजूर झाली. पण आमच्याकडे एका पंचायतीत जंगलात विखुरलेल्या अनेक वाड्या असतात, आणि पंचायत कार्यालयापासून शेवटच्या वाडीपर्यंतचे अंतर मुलांना पावसाळ्यात ओढा ओलांडून चालावे लागते. सरकारकडे मागणी करत राहू. तोवर पाचवीतला मुलगा सहावीत जातो.

गेल्या महिन्यात पुण्याहून आमच्याच तालुक्यातल्या एका गृहस्थांचा फोन आला : अकरा लॅपटॉप आहेत, कधी पाठवू? मी त्यांना हे सारे सांगितले. चार्जर आहेत का, त्यांतली कार्यालयाची माहिती पुसली आहे का, पासवर्ड काढले आहेत का, हे विचारले आणि आमच्याकडे सध्या चारच यंत्रांना जागा आहे, असेही सांगितले. ते थोडे नाराज झाल्यासारखे वाटले. आठ दिवसांनी चार लॅपटॉप चार्जरसह आले. उरलेले सात त्यांनी विकले आणि ती रक्कम एका खोलीच्या मानधनासाठी पाठवली. ताईचे नाव काय, एवढेच त्यांनी विचारले होते. पुढच्या रविवारी ते गावी आले तेव्हा तिला भेटून गेले.