सिन्नरचा चर त्र्यंबकला चालत नाही

नाशिकहून दोन्हीकडे अंतर जवळजवळ सारखंच, तीसेक किलोमीटर. पण त्र्यंबकेश्वरला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि सिन्नरच्या पूर्व भागात पाच-सहाशे पडला की लोक खूश. तरी पाणलोटाच्या कामाचा विषय निघाला की दोन्हीकडे तोंडात एकच नाव: सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीत खोदलेला लांब खंदक, 60 सेंटिमीटर रुंद, 30 खोल.

साधा हिशोब करा. अशा चराच्या एका मीटरमध्ये 180 लिटर पाणी मावतं. दोन चरांत 10 मीटर अंतर धरलं तर हेक्टरी 1000 मीटर चर, म्हणजे 1 लाख 80 हजार लिटर. हेच पाणी हेक्टरभर पसरलं तर भरतं 18 मिलिमीटर. सिन्नरच्या माळावर पडलेल्यातलं निम्मं वाहून आलं असं मानलं, तर 36 मिलिमीटरची सर हा चर एका दमात पोटात घेतो. तिथे तो सोन्यासारखा. त्र्यंबकच्या डोंगरात जुलैमध्ये दिवसाला 100 मिलिमीटर ही काही बातमी नसते. चर सकाळीच भरतो, आणि काठ जिथे दोन बोटं खाली असेल तिथून फुटतो. मग खालचा, मग त्याच्या खालचा. पावसाळा संपेपर्यंत उतारावर नवी ओघळ तयार, आणि तिची माती गंगापूर धरणाकडे.

जिथे चर खरंच हवा तिथेही घोळ होतो तो आखणीत. हायड्रोमार्कर म्हणजे दोन मोजपट्ट्यांना जोडलेली, पाणी भरलेली पारदर्शक नळी; तिच्याने समान पातळीच्या खुणा करतात. तिच्यात एखादा बुडबुडा राहिला, किंवा एका टोकावर अंगठा तसाच राहिला, की पातळी खोटी दाखवते. म्हणून सुरुवातीला दोन्ही पट्ट्या शेजारी उभ्या करून आकडा जुळतो का ते पाहायचं, आणि दर आठ-दहा खुणांनंतर पुन्हा. एवढं करूनही चूक राहतेच, त्यामुळे दर 10 मीटरला फूटभर जागा न खोदता सोडा. तो ठेपा नसला तर चराचा पाट होतो. माती उताराच्या बाजूला टाका, पण काठापासून 30 सेंटिमीटर सोडून, आणि पहिल्या सरीनंतर त्या भरावावर मारवेल किंवा पवन्या गवताचं बी फेका. उघडा भराव पहिल्याच वर्षी चरात परत येतो.

त्र्यंबककडे पाणी साठवण्याचा हट्ट सोडून वेग मोडायचा. ओघळीत अनघड दगडी बांध, वरपासून खाली. खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याच्या पातळीला यावा: ओघळीचा उतार 10 टक्के आणि बांध 75 सेंटिमीटर उंच असेल तर अंतर साडेसात मीटर. पाया 30 सेंटिमीटर खोदून, दोन्ही टोकं काठात अर्धा मीटर घुसवून. माथा मध्ये खोलगट ठेवा. माथा सरळ एका पातळीत ठेवलेला देखणा बांध बाजूने कापला जातो आणि दगड जागेवर राहून पाणी शेजारून जातं. दगडही ओघळीतलेच सुटे घ्या. उतारावरचे उकरले तर जेवढी माती अडवू तेवढीच मोकळी करू.

झाडांचंही तसंच. गवताळ सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या खडकाळ पठारावर, चार बोटं मातीत खड्डे घेऊन रोपं लावणं म्हणजे असलेलं गवत मोडणं. करवंद, जांभूळ, हिरडा, उंबर यांची जागा ओघळीच्या काठाला आणि घळीत. सड्याला चराईबंदी आणि वणव्यापासून राखण, बस्स. नागली-वरईच्या उतारावरच्या शेतात लावणीच्या ओळी उताराला आडव्या घेतल्या आणि मध्ये मध्ये घायपाताची ओळ लावली तरी बराच फरक पडतो.

हे सगळं एका प्लॉटिंगने वाया जातं. पायथ्याला रस्ता कापला, सपाट ओटे काढले, आणि ओहोळाला एक बारीक पाइपाची मोरी दिली; पहिल्या मोठ्या पावसात ती दगडगोट्यांनी बुजते आणि पाणी रस्त्यावरून वाट काढतं. 1 ला 5 (आडव्या 5 मीटरला 1 मीटर चढ) पेक्षा तीव्र डोंगरउतारावर बांधकाम नको हा नियम आहे, पण जागा घेणारा सातबारा पाहतो, गाव नकाशा पाहत नाही. ओहोळ नकाशात असतो. प्लॉटिंगच्या आराखड्याशेजारी तो ठेवून पाहा, रेष कुठे गायब झाली ते पाच मिनिटांत कळतं. शहरात निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. पण नाशिकच्या गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपर्यंत पाणी किती चढतं हे वरच्या या उतारांवरही अवलंबून असतं, आणि पूररेषेचा नकाशा तिथवर जात नाही.

चराचं काम झालं की चराच्या तळाशी मोजमापाच्या खुणा केलेला लोखंडी गज ठोका, दर शंभर मीटरला एक. दिवाळीनंतर गाळ किती साचला ते वाचा. एका वर्षात 10 सेंटिमीटरच्या वर आला तर वरच्या उताराला अजून गवत धरलेलं नाही. गाळ काढण्याआधी तिथे जा. काढलेला गाळ मात्र काठावर न टाकता शेतात पसरा.