शुक्रावरच्या आनंदीबाई

"म्हणजे हा फोटो नाहीच?" भाचीने विचारलं आणि मी क्षणभर गप्प झाले.

स्क्रीनवर मॅगेलन यानाने टिपलेला शुक्र होता. तिथले ढग इतके दाट की वरून साध्या कॅमेऱ्याला जमीन दिसतच नाही. म्हणून १९९० ते १९९२ या यानाने रडारच्या लहरी खाली सोडल्या आणि परत आलेल्या लहरींवरून जवळजवळ सगळा ग्रह रेखाटला. खडबडीत जमीन उजळ, सपाट जमीन काळपट. केशरी रंग मागाहून दिलेला.

मग तिला एक विवर दाखवलं. नाव जोशी. आपल्या डॉ. आनंदीबाई! विवराचा व्यास सुमारे ३४ किलोमीटर. शुक्रावरच्या विवरांना बायकांचीच नावं देतात, आणि पंडिता रमाबाईंचंही एक आहे, मेधावी या त्यांच्या सासरच्या आडनावाने.

१८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी रमाबाई इंग्लंडहून थेट फिलाडेल्फियाला गेल्या होत्या. वर्षभरात आनंदीबाई गेल्या, जेमतेम एकविसाव्या वर्षी. आज दोघी एकाच ग्रहाच्या नकाशावर आहेत. वाचताना अंगावर काटाच आला.

भाचीचा पुढचा प्रश्न अजून डोक्यात आहे: "हे आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

तुम्हाला माहीत होतं?